नोंदवहीतील दोन टिंबे
राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अध्यक्षांस खुले पत्र

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे माननीय अध्यक्ष यांस,



आपल्या आयोगाच्या दफ्तरी या देशातील सनदी डॉक्टरांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली जाते. कोणाचे नाव तीत दाखल करावे, कोणत्या कारणास्तव ते काही मुदतीपुरते स्थगित ठेवावे आणि कोणता अपराध शाबीत झाला असता ते कायमचे खोडावे, हा अधिकार कायद्याने आयोगाकडे आणि राज्यांच्या वैद्यक परिषदांकडे सोपविलेला आहे. सामान्य रुग्णाच्या दृष्टीस ही वही सहसा पडत नाही. तथापि ज्या विश्वासाने तो एका अपरिचित माणसासमोर अंगातला सदरा काढून उभा राहतो, तो विश्वास पुष्कळ अंशी त्या वहीच्याच आधारावर उभा असतो. मी वैद्य नव्हे. इतिहासाचा एक वाचक आहे. अशाच एका परदेशी नोंदवहीची हकीकत आपल्यापुढे ठेवावी आणि तिच्या अनुषंगाने एक विनंती करावी, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

१९३७ साली जर्मनीत डॉक्टरांची जी अधिकृत सूची प्रसिद्ध झाली, तिच्यात नाव, गाव आणि सनदेचे वर्ष असा नेहमीचाच मजकूर होता. मात्र त्या वर्षी काही नावांपाशी अपूर्णविरामाचे, म्हणजे एकाखाली एक अशा दोन टिंबांचे चिन्ह छापलेले होते, आणि त्या चिन्हाचा अर्थ हा डॉक्टर ज्यू आहे एवढाच होता. ही दोन टिंबे आपोआप उमटली नव्हती. त्यापूर्वी कोणी तरी आजीआजोबांच्या जन्माचे दाखले मागविले होते, कोणी तरी ते पडताळून पाहिले होते, कोणी याद्या सिद्ध केल्या होत्या आणि कोणी मुद्रिते तपासून एकही टिंब गळले नाही ना, याची खातरजमा करून घेतली होती. हे काम करणाऱ्यांत दांडगाई करणारे गुंड नव्हते. त्यांत सुशिक्षित, नेमस्त, वेळेवर कचेरीत येणारी माणसे होती, आणि त्यांतील बरीचशी स्वतः डॉक्टर होती.

हा प्रकार कसा घडला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९३३ च्या प्रारंभी जर्मनीत सुमारे आठ ते नऊ हजार ज्यू डॉक्टर होते आणि एकट्या बर्लिन शहरात तर डॉक्टरांपैकी जवळजवळ निम्मे ज्यू होते. सैन्यातील अधिकारपदे आणि सरकारी दरबारातील वरिष्ठ जागा ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दुर्लभ होत्या, त्यांच्या बुद्धिमान मुलांनी वैद्यक आणि वकिली यांसारख्या स्वतंत्र व्यवसायांकडे वळावे, यात नवल काहीच नव्हते. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर सत्तेवर आला. १ एप्रिलला ज्यूंची दुकाने, त्यांच्या वकिली कचेऱ्या आणि त्यांचे दवाखाने यांवर देशव्यापी बहिष्कार पुकारण्यात आला. ७ एप्रिलच्या कायद्याने सरकारी नोकरीतील ज्यूंना बडतर्फ करण्याची वाट मोकळी झाली. आणि २२ एप्रिलच्या फर्मानाने आजारपणाच्या विमासंस्थांच्या मंजूर डॉक्टरांच्या यादीतून त्यांची नावे काढण्याचे ठरले. हा शेवटचा घाव सर्वांत खोल होता. जर्मनीतील बहुसंख्य लोकांचा औषधोपचार या विमासंस्थांमार्फतच होत असल्याने त्या यादीतून नाव गेले की डॉक्टरची उपजीविकाच गेली.

महोदय, माझे आपल्याशी खरे बोलणे येथूनच सुरू होते. डॉक्टरांच्या मोठ्या संघटनांनी मार्चमध्येच नव्या राजवटीचे स्वागत केले होते, आणि विमासंस्थांच्या डॉक्टरांचे जे संघ ठिकठिकाणी होते, त्यांनी नावे काढण्याचे काम इतक्या उत्साहाने हाती घेतले की फर्मानात ठेवलेल्या सवलतीदेखील कित्येक ठिकाणी डावलल्या गेल्या आणि अपिलात मजूरखात्याला कित्येकांची नावे परत घालावयास लावावी लागली. सरकारने एक पाऊल टाकावे आणि व्यवसायबंधूंनी दोन टाकावीत, असा तो काळ होता. यामागे वंशद्वेष होता हे उघडच आहे. परंतु केवळ द्वेषाने एवढी कारकुनी होत नाही. मंदीच्या दिवसांत शेकडो तरुण डॉक्टर विमासंस्थांच्या यादीत शिरकाव मिळावा म्हणून वर्षानुवर्षे ताटकळत बसले होते, आणि शेजारच्या गल्लीतील नावाजलेल्या ज्यू डॉक्टरचा दवाखाना बंद पडला तर त्याचे रुग्ण आपल्याकडे वळतील, हा हिशेब ज्याला कळला नाही असा एकही त्यांच्यात नसावा. पुढे जर्मनीतील जवळजवळ निम्मे डॉक्टर नाझी पक्षाचे सभासद झाले. दुसऱ्या कोणत्याही सुशिक्षित व्यवसायात हे प्रमाण क्वचितच इतके असेल.

बर्लिनच्या मोआबिट इस्पितळात कुर्ट गोल्डश्टाइन नावाचे मज्जासंस्थेचे विख्यात तज्ज्ञ होते. पहिल्या महायुद्धात मेंदूला जखमा झालेल्या सैनिकांची त्यांनी वर्षानुवर्षे शुश्रूषा केली होती, आणि दुखापतीनंतर मनुष्य आपले अवघे व्यक्तित्व नव्याने कसे सावरतो, याविषयीचे त्यांचे विवेचन आजही वाचले जाते. १ एप्रिल १९३३ रोजी ते रुग्ण तपासत असतानाच तपकिरी गणवेशातील नाझी पक्षाची माणसे आत शिरली आणि त्यांना पकडून घेऊन गेली. देश सोडून जाण्याच्या अटीवर काही दिवसांनी त्यांची सुटका झाली; ते झ्यूरिकमार्गे ॲम्स्टरडॅमला गेले, तेथे त्यांनी आपला मुख्य ग्रंथ सिद्ध केला आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्क गाठले. ज्या रुग्णाच्या तपासणीतून त्यांना उठविले, त्याचे पुढे काय झाले याची नोंद माझ्या वाचनात आलेली नाही. पण बहिष्काराच्या त्या दिवसाचा विचार करताना मला तो अर्धवट तपासलेला रुग्ण सारखा आठवतो.

पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्या ज्यू डॉक्टरांना प्रथम सूट होती आणि या सुटीवर विसंबून कित्येकजण जर्मनीतच राहिले. आपण या देशासाठी रक्त सांडले आहे, शौर्यपदक मिळविले आहे, हे वारे चार दिवसांत निवळेल, अशी त्यांची समजूत होती. ती समजूत २५ जुलै १९३८ च्या फर्मानाने संपुष्टात आणली. ३० सप्टेंबर १९३८ नंतर कोणाही ज्यूची वैद्यकीची सनद अस्तित्वात राहणार नाही, असे त्यात लिहिलेले होते. त्या वेळी व्यवसायात उरलेल्या ३१५२ ज्यू डॉक्टरांपैकी ७०९ जणांना केवळ ज्यू रुग्णांवर उपचार करण्याची मुभा मिळाली, तीही मर्जीनुसार केव्हाही काढून घेता येईल अशी. आणि डॉक्टर म्हणवून घेण्याचा हक्क मात्र त्यांनाही उरला नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत झाला होता. व्हिएन्ना शहरातील सुमारे ४९०० डॉक्टरांपैकी सुमारे ३२०० ज्यू होते, आणि तेथील जगद्विख्यात वैद्यक विद्याशाखेतील निम्म्याहून अधिक अध्यापकांना काही आठवड्यांत घरी बसविण्यात आले. हे काम ज्यांच्या अधिष्ठातेपदाच्या कारकीर्दीत झाले ते एडुआर्ड पेर्नकोप्फ शरीररचनाशास्त्रज्ञ होते. त्यांच्या चित्रमय ग्रंथासाठी देहदंड दिलेल्या माणसांची प्रेते वापरली गेली, हे पुढे खुद्द व्हिएन्ना विद्यापीठाच्याच चौकशीत उघड झाले.

हेर्टा नाथोर्फ या बाईंचे नाव आपल्याकडे कोणी फारसे ऐकलेले नसेल. बर्लिनमध्ये प्रसूतीसाठी येणाऱ्या स्त्रिया आणि त्यांची अर्भके यांच्या एका रुग्णालयाचे प्रमुखपद त्यांनी भूषविले होते; पुढे त्या खाजगी व्यवसायही करीत होत्या. १९३३ मध्ये त्यांची सार्वजनिक पदे गेली, १९३८ च्या सप्टेंबरअखेर सनद गेली, आणि नोव्हेंबरात ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेली त्या कुप्रसिद्ध रात्रीनंतर डॉक्टर असलेल्या त्यांच्या पतीला धरून छळछावणीत नेण्यात आले. पती सुटून आले, मुलाला आधी एकट्याला इंग्लंडला धाडावे लागले, आणि १९४० मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कला पोहोचले. तेथे परीक्षा देऊन पुन्हा सनद मिळविण्यासाठी अभ्यास करावयाचा तर घर कोणी चालवावयाचे, असा प्रश्न उभा राहिला. पतीने अभ्यास केला. बाईंनी परक्यांच्या घरी मुले सांभाळली, स्वयंपाकघरात राबल्या, आजाऱ्यांची शुश्रूषा केली. पतीचा दवाखाना उघडला, तेव्हा त्या त्यांच्या मदतनीस झाल्या. स्वतःच्या नावाची पाटी त्यांनी पुन्हा कधीच लावली नाही, आणि हे सर्व लिहून ठेवलेली त्यांची दैनंदिनी छापली जाईपर्यंत त्यांनी वयाची नव्वदी ओलांडली होती.

निर्वासितांना परके देश कसे भेटले, हाही या हकीकतीचाच भाग आहे आणि तो कमी लाजिरवाणा नाही. ब्रिटनमधील वैद्यक संघटनेने ऑस्ट्रियातून यावयाच्या डॉक्टरांची संख्या ५० वर रोखून धरली. त्या वेळचे गृहमंत्री सॅम्युएल होअर यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे की व्हिएन्नाच्या वैद्यक पंथाचे त्यांनी मोकळेपणाने स्वागत केले असते, पण देशातील डॉक्टर त्यास राजी नव्हते. अमेरिकेतील कित्येक संस्थानांत नागरिकत्व मिळेपर्यंत सनद नाही, असा दंडक होता. जर्मनीत जो हिशेब द्वेषाच्या आश्रयाने चालला, तोच हिशेब येथे नियमांच्या आश्रयाने चालला, असे म्हणणे कोणाला कठोर वाटेल. दोन्हींत फरक आहे, आणि तो जीव घेणे व जीव वाचविण्यास नकार देणे यांतला फरक आहे. तो मी विसरत नाही. परंतु आपला धंदा बुडेल या भीतीने माणसाच्या अंतःकरणाची कवाडे बंद होतात, हे दोन्ही ठिकाणी सारखेच दिसते. १९४१ मध्ये लढाईमुळे डॉक्टरांचा तुटवडा पडला, तेव्हा त्याच ब्रिटनने या परकीय डॉक्टरांसाठी तात्पुरती नोंदणी उघडली.

तुर्कस्तानने मात्र निराळे वर्तन केले. फ्रांकफुर्टहून बडतर्फ झालेले विकृतिशास्त्रज्ञ फिलिप श्वार्ट्‌झ यांनी झ्यूरिकमध्ये निर्वासित विद्वानांसाठी संस्था काढली आणि १९३३ च्या जुलैत अंकाऱ्यात जाऊन तुर्की शिक्षणमंत्र्यांशी बोलणी केली. इस्तंबूल विद्यापीठाची पुनर्रचना चालूच होती. तेथे एकाच वेळी अनेक प्राध्यापकांची सोय झाली. काही वर्षांत तुर्की भाषेत शिकवावे आणि तुर्कीत पाठ्यपुस्तके लिहावीत, अशी अट त्यांच्या करारात होती, आणि मला ती अट फार शहाणपणाची वाटते. कारण तिने आश्रय देणाऱ्याचाही मान राखला आणि घेणाऱ्याचाही.

आपल्या मुंबईतही असे डॉक्टर आले होते. त्यांच्या साहाय्यासाठी १९३४ मध्ये येथे ज्यू रिलीफ असोसिएशन स्थापन झाली होती. परंतु सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारले गेले आणि जर्मन पारपत्र बाळगणारा प्रत्येक इसम सरकारच्या लेखी शत्रुराष्ट्राचा ठरला. हिटलरच्या तावडीतून निसटून आलेल्या ज्यूंनाही हिटलरच्या अनुयायांबरोबरच अहमदनगरच्या छावणीत डांबण्यात आले. चौकशी होऊन पुष्कळांची पुढे सुटका झाली. काही कुटुंबांना पुरंदर किल्ल्यावरील छावणीत दिवस कंठावे लागले.

आता आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांकडे वळतो. पहिल्या वर्षी जीवरसायनशास्त्रात ते ज्या क्रेब्स चक्राची पाठांतरे करतात, त्याचे जनक हान्स क्रेब्स शिक्षणाने डॉक्टर होते. एप्रिल १९३३ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठाने त्यांना काढून टाकले, ते केंब्रिजला गेले, आणि ते चक्र त्यांनी १९३७ साली शेफील्डमध्ये उलगडले. जठरातील आम्ल अन्ननलिकेत चढू नये म्हणून करावयाच्या ज्या शस्त्रक्रियेला शल्यविभागातील मुले-मुली सहजपणे निसेन म्हणतात, तिचे जनक रुडोल्फ निसेन बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात होते. युद्धात लढलेले असल्याने त्यांची जागा तूर्त सुरक्षित होती, तरीही ते १९३३ मध्ये आपण होऊन निघाले आणि इस्तंबूलला गेले. ग्रात्सचे ओटो लोवी यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. १९३८ मध्ये त्यांना कैदेत टाकले आणि पारितोषिकाचा पैसा नाझींच्या ताब्यातील पेढीत वळता केल्याशिवाय देशाबाहेर जाऊ दिले नाही. ही नावे आमच्या मुलांच्या जिभेवर रोज असतात आणि त्यांमागची माणसे त्यांना ठाऊक नसतात.

लुडविग गुटमान यांच्याविषयी मात्र मला थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. ब्रेस्लाउ शहरातील ज्यू रुग्णालयाचे ते संचालक होते. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री प्रार्थनामंदिरे जळत असताना आणि पुरुषांची धरपकड चालू असताना त्यांनी हुकूम सोडला की दाराशी जो येईल त्याला, आजार असो वा नसो, दाखल करून घ्यावे. सकाळपर्यंत ६४ माणसे दाखल झाली होती. एवढी भरती एका रात्रीत कशी झाली, याचा जाब विचारण्यास अधिकारी आले, तेव्हा गुटमान त्यांना खाटेखाटेपाशी घेऊन गेले आणि प्रत्येक माणसाला त्याच्या तोंडावर शोभेल असा एकेक रोग बहाल करीत गेले. मधूनच अधिकाऱ्यांच्या पाठीआडून त्यांनी चेहरा वेडावाकडा केला की खाटेवरच्या माणसाला काय करावयाचे ते कळे. त्यांपैकी ६० जण वाचले. खोटे निदान लिहिणे हा वैद्यकीय नीतीत दोष आहे, हे आपल्याला मी सांगावयास नको. परंतु त्या सकाळी ब्रेस्लाउमध्ये वैद्यकीय नीती जर कोठे जिवंत असेल, तर ती त्या साठ खोट्या निदानांतच होती, असे माझे निश्चित मत आहे.

१९३९ च्या मार्चमध्ये गुटमान कुटुंबासह ऑक्सफर्डला पोहोचले. पहिली काही वर्षे त्यांच्या वाट्याला बहुतांशी संशोधनच आले. रुग्णाला हात लावण्यास ते आतुर झालेले होते. १९४४ च्या फेब्रुवारीत स्टोक मँडव्हिल इस्पितळात पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग उघडला आणि तो त्यांच्याकडे सोपविण्यात आला. तोवर असे रुग्ण काही महिन्यांत किंवा एकदोन वर्षांत शय्याव्रणांनी व मूत्रमार्गाच्या जंतुदोषाने मरावयाचेच, अशी सार्वत्रिक धारणा होती. गुटमान यांनी रात्रंदिवस दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलण्याचा परिपाठ घालून दिला आणि जगलेल्या माणसांना काम दिले, खेळ दिले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्या इस्पितळाच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीतील १६ स्त्रीपुरुषांनी धनुर्विद्येची स्पर्धा खेळली; आजच्या पॅरालिम्पिकचे मूळ ते.

सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे अपंग झाले. १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारताला या स्पर्धांतले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. ती स्पर्धा जर्मनीत, हायडेलबर्ग येथे भरली होती. ज्या देशाने डॉक्टर म्हणून गुटमान यांचे नाव खोडले, त्याच देशात त्यांच्या कार्यातून उभ्या राहिलेल्या स्पर्धेत एका मराठी जवानाने सुवर्ण जिंकले, ही गोष्ट आपल्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात सांगितली जावी, असे मला मनापासून वाटते.

तथापि ही हकीकत जर्मनीचे नुकसान आणि जगाचा लाभ अशी समाधानाने सांगण्याची जी रीत पडली आहे, तिला माझा विरोध आहे. या मांडणीत गुटमान आणि क्रेब्स यांना जागा मिळते. हेर्टा नाथोर्फ यांना मिळत नाही, आणि ज्यांना कोठलाही देश मिळाला नाही, जे पूर्वेकडील छावण्यांत मारले गेले किंवा ज्यांनी स्वतःच आपले जीवन संपविले, त्यांना तर मुळीच नाही. या निर्वासिताचा आम्हांला उपयोग काय, असा जो प्रश्न १९३८ मध्ये दारोदार विचारला गेला, तोच आपण नोबेलविजेत्यांची यादी वाचताना नकळत पुन्हा विचारीत असतो. सामान्य प्रतीच्या, गल्लीतल्या, खोकलापडसे पाहणाऱ्या ज्यू डॉक्टरचे नाव खोडणे हा अन्याय क्रेब्स यांना काढण्याइतकाच मोठा होता.

जर्मन डॉक्टरांच्या परिषदेने २०१२ मध्ये न्यूरेंबर्ग येथे आपल्या पूर्वसूरींच्या अपराधांची कबुली देऊन क्षमा मागितली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अहवाल प्रसिद्ध करून, आरोग्यक्षेत्रातील प्रत्येक विद्यार्थ्याला हा इतिहास शिकविला जावा, अशी शिफारस केली. आपल्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांच्या शिक्षणाची तजवीज आधीच केलेली आहे. त्यासाठी तास राखलेले आहेत, अध्यापक नेमलेले आहेत. माझी विनंती एवढीच आहे की त्या तासांपैकी काही या इतिहासाला द्यावेत, आणि तो केवळ छळछावण्यांतील प्रयोगांचा इतिहास म्हणून न शिकविता नोंदवहीचा इतिहास म्हणून शिकवावा. छावणीतील प्रयोग पाहून विद्यार्थी म्हणेल, असे मी कधीच करणार नाही, आणि ते खरेही असेल. पण सहकाऱ्याचे नाव यादीतून वगळण्याच्या कागदावर सही करणे, किंवा त्या रिकाम्या झालेल्या जागेसाठी अर्ज करणे, हे आपल्या हातून कधीच होणार नाही, असे म्हणण्यापूर्वी त्याला थांबावे लागेल. तेवढे थांबणे त्याने शपथ घेण्यापूर्वी शिकावे.

दुसरी विनंती आपल्या अधिकाराविषयी. आपल्या आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये पाकिस्तानातून आलेल्या अल्पसंख्य समाजांतील डॉक्टरांकडून, त्यांना येथे व्यवसाय करता यावा यासाठी, अर्ज मागविले होते. ते पाऊल मला अत्यंत योग्य वाटले. घरदार सोडून आलेल्या डॉक्टरची योग्यता पारखून त्याला नोंदवहीत जागा कशी द्यावी, याची एक कायमची, सर्व देशांच्या व सर्व धर्मांच्या निर्वासितांना सारखी लागू होणारी पद्धत आपण सरकारकडून मंजूर करून घ्यावी. परीक्षा अवश्य असावी, ती कडकही असावी. पण ती ज्ञानाची असावी, जन्माची नव्हे, आणि तिचा निकाल लागेपर्यंत त्या माणसाला देखरेखीखाली रुग्णांची सेवा करता यावी. हे दोन्ही निर्णय घेणे आपल्या आयोगाच्या आवाक्यात आहे, आणि ते आपण याच कारकीर्दीत घ्यावेत, ही प्रार्थना.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक